‘आपण’ आणि ‘आम्ही’ : कंबोडियातले नऊ दिवस

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ज्याच्याशी बोलणे चालले आहे त्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला आत घेणारे ‘आपण’. ‘आम्ही जेवायला जातो’ आणि ‘आपण जेवायला जाऊ’ या दोन वाक्यांत किती ताटे मांडायची हा फरक आहे. हिंदीच्या ‘हम’ला किंवा इंग्रजीच्या ‘वी’ला ही सोय नाही, शेजारच्या गुजरातीला आहे, आणि दोन्ही भाषांत ती द्राविडी संसर्गातून आली असावी असे भाषाभ्यासक मानतात. प्रथम वर्षाच्या वर्गात हा भेद सांगायला पाच मिनिटे पुरतात. त्याचे वजन किती आहे हे आम्हा दोघींना जाणवले ते वर्गाबाहेर, कंबोडियात, पाठीवर सॅक घेऊन नऊ दिवस हिंडताना.

आमच्यातली एक मुलुंडची, दुसरी बोरिवलीची. एम.ए.ला एका बाकावर बसलो, पुढे निरनिराळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवू लागलो. २०२३ च्या डिसेंबरात उत्तरपत्रिकांचे शेवटचे गठ्ठे तपासून दिले आणि निघालो. ‘टूरबरोबर का नाही गेलात? वेळेवर पोळीभाजी तरी मिळाली असती,’ असे स्टाफरूममध्ये पुष्कळांनी ऐकवले. प्रश्न रास्त होता. परंतु गटातून जाणाऱ्याला वेळापत्रक असते, आणि आम्हाला एका भिंतीसमोर दोन तास उभे राहण्याची मोकळीक हवी होती. बँकॉकपर्यंत विमान, तिथून सीमेपर्यंत बस, पॉयपेतचा नाका पायी ओलांडून पुढे भाड्याच्या मोटारीने सिएम रिएप, असा मार्ग आम्ही घेतला. सॅकमध्ये खाकरे आणि मेतकूट होते. तिथल्या जवळपास प्रत्येक रश्शात मासळीचा अर्क असतो, त्यामुळे आमच्यातल्या शाकाहारी मैत्रिणीला त्यांचा मोठा आधार झाला.

अंगकोरचे तीन दिवसांचे तिकीट ६२ डॉलर. तो खर्च वसूल करण्याच्या मध्यमवर्गीय निष्ठेने आम्ही पहाटेपासून हिंडत होतो. अंगकोर वाट हे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने उभारलेले विष्णुमंदिर. त्याच्या पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा सुमारे ४९ मीटर लांबीचा शिल्पपट आहे. वासुकीची दोरी, एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म, वर फेसातून उठणाऱ्या असंख्य अप्सरा. ही गोष्ट आम्हाला आजीच्या मांडीवर कळलेली. ती हजारो मैलांवर दगडात वाचता येते तेव्हा अंगावर काटा येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेजारी ठाण्या-डोंबिवलीकडचा एक गट उभा होता. त्यातले एक वयस्कर गृहस्थ भारावून म्हणाले, ‘‘बघा, हे सगळं आपलंच आहे!’’ त्यांच्या स्वरात बढाई नव्हती. दूरच्या गावी अचानक नातेवाईक भेटावा तसा आनंद होता.

तो आनंद खरा, पण त्यातले ‘आपलं’ तपासून पाहावे असे आहे. त्या उद्गारामागे एक इतिहास आहे. १९२६ मध्ये कलकत्त्यात ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. रमेशचंद्र मजुमदारांसारख्या इतिहासकारांनी आग्नेय आशियातल्या राज्यांकडे भारतीय वसाहती म्हणून पाहिले. त्यांचे ‘कंबुजदेश’ हे पुस्तक १९४४ चे. परकी सत्तेखाली दबलेल्या समाजाला कधीकाळी आपणही समुद्रापार पोचलो होतो, या कल्पनेने बळ मिळाले असेल. मात्र तिच्यात ख्मेर माणसाच्या वाट्याला केवळ घेणाऱ्याची भूमिका आली. मंथनाची कथा इथून गेली असेल. तो दगड कुलेन डोंगरातून काढणारे, पाण्यावरून वाहून आणणारे आणि त्यावर छिन्नी चालवणारे हात तिथलेच होते. बायोन मंदिराच्या बाहेरील भिंतींवर तर त्यांचा रोजचा व्यवहारच कोरला आहे : मासळीबाजार, कोंबड्यांची झुंज, बाळंत होणारी बाई, चाम सैन्याशी नावांतून लढाई. तिथे पुराणकथा शोधणाऱ्याची निराशा होते आणि बाजारात रमणाऱ्याचा दिवस सरतो.

‘आपलं’ म्हणण्याने काही चांगलेही घडते, हेही खरे. १९८० मध्ये भारताने तिथल्या नव्या सरकारला मान्यता दिली तेव्हा जगातले बहुतेक देश तसे करायला तयार नव्हते. १९८६ ते १९९३ या अशांत काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अंगकोर वाटच्या जतनाचे काम केले. दगड साफ करण्याच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली. जवळिकीतून मदत झाली आणि त्या मदतीचा जाबही द्यावा लागला. नात्याचे असेच असते.

आणि अंगकोरला ‘आपलं’ म्हणणारे भारतीय एकटे नाहीत. मंदिराच्या एका खांबावर १६३२ मधला जपानी शाईचा लेख आहे. उकोन्दायू काझुफुसा नावाचा कुणी सामुराई समुद्र ओलांडून तिथे आला आणि आईवडिलांसाठी चार बुद्धमूर्ती अर्पण केल्याची नोंद करून गेला. त्या काळी जपानी यात्रेकरू या मंदिराला श्रावस्तीचे जेतवन समजत. बुद्धाच्या भूमीला पाय लागले, या समाधानात तो परतला असेल. एकाने विष्णू ओळखला, एकाने जेतवन ओळखले, आणि मंदिराच्या अंगणात आजही ख्मेर भिक्षू आणि गावकरी आपल्या रीतीने उदबत्त्या लावतात.

आम्ही भाषेची माणसे, त्यामुळे आमचे ‘आपलं’ शब्दांपाशी घोटाळत होते. ‘अंगकोर’ हे ‘नगर’ शब्दाचेच रूप. ख्मेरमध्ये भाषेला ‘फिसा’सारखे काहीतरी म्हणतात, शाळेला ‘साला’, माध्यमिक शाळेला ‘विद्यालय’ या शब्दाचे ख्मेर रूप, आणि विद्यापीठातल्या विद्याशाखेला चक्क ‘महाविद्यालय’. शिक्षकाला म्हणतात ‘क्रू’, म्हणजे गुरू. सातव्या जयवर्मनची राणी इंद्रदेवी स्वतः अशी ‘क्रू’ होती. धाकट्या बहिणीच्या मृत्यूनंतर ती राणी झाली. तिने बौद्ध विहारांत स्त्रियांना शिकवले आणि बहिणीच्या स्मरणार्थ संस्कृत श्लोकांत प्रशस्ती रचली, जी फिमेआनाकास इथल्या शिलालेखात सापडते. बाराव्या-तेराव्या शतकाच्या संधीवर एक बाई अभिजात भाषेत लिहिते आणि शिकवते, हे वाचून आम्हा दोघींना राजांपेक्षा ती अधिक जवळची वाटली.

आमचा टुकटुकवाला पन्नाशी उलटलेला, मोजके इंग्रजी बोलणारा होता. तुम्ही काय करता, असे त्याने विचारले. शिकवतो म्हटल्यावर ‘‘क्रू!’’ असे उद्गारून त्याने गाडी बाजूला घेतली आणि जोडलेले हात नाकाच्या उंचीपर्यंत नेले. त्यांच्याकडे नमस्काराची उंची समोरच्याच्या मानाप्रमाणे ठरते. शिक्षकाला आईवडिलांच्या बरोबरीची उंची मिळते. मग तो म्हणाला, ‘‘माझा मामाही क्रू होता. पोल पॉटच्या वेळी त्याला नेलं.’’ एवढे बोलून त्याने गाडी सुरू केली. आम्ही पुढे काही विचारले नाही.

सिएम रिएपहून फ्नॉम पेन्हला बसने सहा तास लागतात. तिथल्या एका शांत वस्तीत, घरे आणि दुकाने यांच्या मधोमध, तुओल स्लेंग आहे. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज सैन्याने शहर घेतले आणि काही दिवसांत ते रिकामे केले. चलन, बाजार, शाळा, सारे बंद झाले. ७ जानेवारी १९७९ पर्यंतच्या त्या राजवटीत सुमारे १७ ते २० लाख माणसे उपासमारीने, रोगाने, अतिश्रमाने आणि हत्येने मेली. शिकलेल्या माणसावर विशेष रोख होता. डोळ्यांवर चष्मा असणेही संशयाला पुरे, असे तिथे सांगतात. आम्ही दोघी चष्मेवाल्या.

एस-२१ नावाचा तुरुंग ज्या इमारतींत होता ती एक माध्यमिक शाळा होती. अंगकोर सोडून फ्नॉम पेन्हला राजधानी आणणाऱ्या पोन्हिया यात राजाचे नाव तिला एकेकाळी होते. तीन मजली चार इमारती, पुढे लांब व्हरांडे, मध्ये मैदान. व्हरांड्यातून चालताना पाय आपोआप तासावर निघाल्यासारखे पडत होते, कारण असे व्हरांडे आमच्या रोजच्या सवयीचे आहेत. वर्गांत विटांच्या भिंती घालून कैद्यांच्या खुराड्यासारख्या कोठड्या केलेल्या. काही वर्गांत भिंतीवर फळा तसाच आहे. मुलांच्या कसरतीसाठी उभारलेल्या लाकडी चौकटीवर कैद्यांना उलटे टांगत. कैद्यांनी उडी टाकून जीव देऊ नये म्हणून व्हरांड्यांना काटेरी तारांची जाळी. खालच्या दालनांत फोटोंच्या रांगा : छातीवर आकडे, त्यात मुलेही. आंतरराष्ट्रीय साहाय्याने चाललेल्या न्यायाधिकरणाने इथल्या किमान १२,२७२ बळींची नोंद ग्राह्य धरली. खरा आकडा याहून मोठा आहे. जिवंत सुटलेले बोटांवर मोजण्याइतके.

या तुरुंगाचा प्रमुख कांग केक इऊ, उर्फ दुच. तो गणिताचा शिक्षक होता. त्याचा वरिष्ठ सोन सेन शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत होता. खुद्द पोल पॉट, म्हणजे सालोत सार, फ्नॉम पेन्हच्या एका खाजगी शाळेत इतिहास आणि फ्रेंच साहित्य शिकवीत असे. त्याच्या मृदू बोलण्याच्या, फ्रेंच कविता तोंडपाठ असल्याच्या आठवणी त्याचे विद्यार्थी पुढे सांगत. दुचसमोर कैद्यांचे कबुलीजबाब येत. छळ करून घेतलेली ती निवेदने तो बारकाईने वाची आणि समासात लाल शाईने शेरे मारी : हे अपुरे, हे खोटे, पुन्हा लिहून घ्या. तो २०१० मध्ये दोषी ठरला, २०१२ मध्ये अपिलात त्याला जन्मठेप झाली, २०२० मध्ये तो वारला.

लाल शाईचा तो उल्लेख वाचला त्या क्षणी आम्ही एकमेकींकडे पाहिले. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या बोटांवर तीच शाई होती. ‘मुद्दा अपुरा’, ‘पुन्हा लिहा’, हे शेरे आमचेही. तुलना इथेच थांबते, थांबलीच पाहिजे. प्रत्येक तपासनिसात तुरुंगाधिकारी दडलेला असतो असले स्वस्त विधान आम्हाला करायचे नाही. पण बरोबर उत्तर एकच आहे, ते आपल्याला माहीत आहे आणि समोरच्याने ते आपल्या शब्दांत आपल्या हाती द्यावे, ही शिक्षकी वृत्ती कुठल्या टोकाला जाऊ शकते, हे त्या वर्गांत उभे राहून दिसते. तिथे मारले गेलेले कितीतरीजण शिक्षक होते, मारणाऱ्यांचे म्होरकेही शिक्षक होते, आणि जागा शाळेची होती. दोन्ही बाजूंना आमच्या पेशाची माणसे.

त्या दिवशी तिथे भारतीय पर्यटकही होते. समुद्रमंथनापाशी ऐकलेला ‘आपलं’ हा शब्द मात्र तुओल स्लेंगमध्ये कुणाच्याही तोंडी नव्हता, हे साहजिक आहे. ‘काय हो ही माणसं!’ असे कुणी हळू आवाजात म्हणाले. मंदिर आपले, तुरुंग त्यांचा, अशी वाटणी फार सहज होते. परंतु ‘साला’ आणि ‘क्रू’ हे शब्द ओळखीचे म्हणून इंद्रदेवी आपली होत असेल, तर त्याच शब्दांची ती दुसरी इमारत परकी कशी ठरेल? वारसा सांगायचा तर त्यातली निवडक भांडी उचलून चालत नाही. आणि आम्हा दोघींपुरते बोलायचे तर अंगकोरवर आमचा हक्क दूरचा, पुराणकथेच्या धाग्याने आलेला; तुओल स्लेंगचा फळा आणि लाल शाई मात्र आमच्या रोजच्या हातची होती. ‘आपण’ हे सर्वनाम आम्हाला वापरावेसे वाटले ते त्या व्हरांड्यात, आणि तिथे त्याचा अर्थ अभिमान असा नव्हता. जबाबदारी असा होता.

‘आपलं’ या शब्दाची धार पुढे आणखी दिसली. आम्ही पायी ओलांडलेल्या त्या सीमेवर २०२५ च्या जुलैमध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात लढाई पेटली. वाद जुना आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी प्रिआ विहिआरसारखी ख्मेर काळातली शिवमंदिरे आहेत. ते मंदिर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्येच कंबोडियाला दिले होते. दोन्ही देश बौद्धबहुल, देवळे शंकराची, आणि दोन्हींकडे एकच वाक्य : हे आमचे. ‘आपले’ म्हणण्याऐवजी ‘आमचे’ म्हटले की काय होते याचा हा धडा व्याकरणाच्या कुठल्या पुस्तकात नाही. त्याच जुलैत युनेस्कोने तुओल स्लेंगसह तीन स्मृतिस्थळे जागतिक वारशाच्या यादीत घेतली. अंगकोर त्या यादीत १९९२ पासून आहे. म्हणजे मंदिर आणि तुरुंग आता एका यादीत आले.

मुलुंड आणि बोरिवली यांच्या मधोमध राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, आणि त्यांत कान्हेरीची शंभरावर लेणी. परत आल्यावर आम्ही तिथे पुष्कळदा जातो. हीही एके काळी राहण्या-शिकण्याची जागा. कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावे भिंतींवर कोरलेली. त्यांतल्या एका लेण्यात पहलवी लिपीत काही लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मधले. झरथुष्ट्री लोकांचे काही गट तिथे येऊन गेले. धर्म त्यांचा नव्हता, लेणी त्यांची नव्हती, कथाही त्यांच्या ओळखीच्या नसाव्यात. त्यांनी आपली आणि आपल्या वडिलांची नावे लिहिली, आल्याचा दिवस लिहिला आणि ते डोंगर उतरून गेले. प्रवाशाने दुसऱ्याच्या जागेत कसे वागावे याचे याहून सभ्य उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. विद्यार्थ्यांना कान्हेरीला नेतो तेव्हा चैत्यगृह पाहून झाले की आता आम्ही त्यांना त्या लेखांपाशीही थांबवतो.