अर्धे विमान

अर्धवट राहिलेल्या गोष्टींचे मला फार भय वाटते. अर्धा विणलेला स्वेटर, एका भिंतीपुरताच रंग लागलेली खोली, निम्म्यावर सोडलेली उपासतापासाची माळ, यांच्याकडे मी सरळ पाहूच शकत नाही. आमची पत्नी म्हणते, हे भय नव्हे, ही लाज आहे. तिचे म्हणणे खरे असावे. कारण आमच्या घरातली सर्वांत मोठी अर्धवट वस्तू माझीच आहे. पलंगाखालच्या ट्रंकेत माझ्या तिसऱ्या कादंबरीची १४२ पाने गेली नऊ वर्षे निजलेली आहेत.

म्हणून मागच्या दिवाळीनंतर माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून फोनवर म्हणाला, “सर, मी एक अर्धे विमान विकत घेतो आहे,” तेव्हा मला प्रथम हसू आले आणि मग पोटात गोळा उठला.

मी चित्रकलेचा मास्तर. माझी विद्या मॅट्रिकपाशीच थांबली. पुढे हात बरा चालला म्हणून शाळेत चिकटलो. हा मुलगा आमच्या कारंज्यातल्या एका सुतारमिस्त्रींचा. भूमितीच्या आकृत्या अशा काढी की रेघ कोठे सुरू झाली अन् कोठे संपली ते कळू नये. बारावीनंतर त्याला इंजिनियर करावे म्हणून मीच मिस्त्रींच्या मागे लागलो होतो. मिस्त्रींनी त्यासाठी गावाबाहेरचा प्लॉट विकला. पोरगा शिकला, पुण्याला गेला, तेथून ओहायो राज्यात गेला. आणि मिस्त्रींच्या घराच्या गच्चीवर, मुलगा परत येऊन वरचा मजला चढवील या आशेने ठेवलेल्या लोखंडी सळया अकरा पावसाळे भिजत उभ्या राहिल्या. दारव्हा वेशीकडे जाताना त्या सळया दिसल्या की मी मान खाली घालून सायकल दामटतो.

आता हे अर्धे विमान काय प्रकरण आहे ते सांगितले पाहिजे. अमेरिकेत हौशी माणसे घरच्या घरी विमान बांधतात. ऑरेगॉन राज्यात १९७३ साली निघालेली व्हॅन्स एअरक्राफ्ट नावाची कंपनी अशा विमानांचे सुटे भाग पुरवते. आधी शेपूट येते, मग पंख, मग धड. इंजिन निराळे घ्यावयाचे. मोटार ठेवण्याच्या खोलीत रात्री-अपरात्री बसून माणूस ॲल्युमिनियमचे पत्रे हजारो रिव्हेटांनी जोडत राहतो. कोणाला पाच वर्षे लागतात, कोणाला पंधरा. पुष्कळांचे मधेच थांबते. नोकरी जाते, संसार मोडतो, डोळे अधू होतात, किंवा माणूसच जातो. मग ते अर्धे विमान इंटरनेटवर लिलावाला निघते.

लिलाव आम्हां कारंजेकरांना नवा नाही. आमच्या बाजार समितीत कापसाची आणि सोयाबीनची हर्रासी आम्ही रोज पाहतो. पण तेथे व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर माल वर काढतो, हुंगतो, दाताखाली धरतो आणि मगच बोली बोलतो. इंटरनेटवर ढीग दिसतो तो चित्रात. आपण आपली वरची मर्यादा यंत्राच्या कानात सांगून ठेवायची. समोरच्याने बोली वाढवली की यंत्र आपल्यातर्फे पायरीपायरीने वर चढते. विकणाऱ्याने मनात एक राखीव किंमत धरलेली असते, ती गाठली नाही तर सौदा होत नाही. आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते : माल जसा आहे तसा.

मुलाची मर्यादा आपल्या पैशांत अकरा लाखांची होती. हे ऐकून मी गप्प झालो. “बाबांना तुम्हीच सांगा सर. तुमचे ऐकतात ते,” असे म्हणून त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी मी मिस्त्रींकडे गेलो. ते ओट्यावर बसून पटाशीला धार लावीत होते. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मास्तर, इमान घेतो म्हन्ते अन् तेही अर्धं! अकरा लाखांत आपला वरचा मजला झाला असता ना.”

यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. प्लॉट माझ्या शब्दावर गेला होता. मी आपला विद्वत्तेचा आधार घेतला. म्हटले, “मिस्त्री, आपल्या मराठी माणसानेही हे केले आहे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला अमोल यादव नावाच्या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. त्यासाठी ते सुटे करून गच्चीवरून खाली उतरवावे लागले होते. २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली, २०१९ साली चाचणीची परवानगी मिळाली, आणि मग धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. ओहायोचेच म्हणाल, तर ज्यांनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले विमान उडवले ते राइट बंधू तिथलेच. सायकली दुरुस्त करीत. दोघांपैकी एकाकडेही हायस्कूलचे प्रमाणपत्र नव्हते.”

शेवटचे वाक्य मी थोडे जोरानेच उच्चारले. मिस्त्रींवर त्याचा परिणाम झाला नाही. त्यांनी पटाशी अंगठ्यावर घासून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “पयल्या कारागिरानं काम अर्धं कायले सोडलं?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी तेथूनच फोन लावला. मुलाने सांगितले, विमान बांधणारे गृहस्थ वारले. शेपूट पुरे झाले आहे, पंख पुरे आहेत, धडाला सुरुवात झाली आहे. आता त्यांची बायको विकते आहे.

“मंग नीट पाहून घे म्हना,” मिस्त्री म्हणाले. “दुसऱ्याचं अर्धं काम हाती घेनं सोपं नसते. मी आजवर किती चौकटी अशा घेतल्या. आधी जुना सांधा पाहा लागते. मानूस पाहाले भेटत नाही, पन त्याचा हात सांध्यात दिसते.”

पुढल्या शनिवारी मुलगा तीन तास मोटार चालवून त्या बाईंच्या घरी गेला. आमच्याकडे रात्र झाली होती. मिस्त्रींच्या ओट्यावर मी, मिस्त्री आणि त्यांच्या घरच्या मंडळी अशी आम्ही तिघे एका मोबाइलवर डोकी टेकवून बसलो. पडद्यावर एक थंड, नीटनेटकी खोली दिसू लागली. भिंतीवर हत्यारे ओळीने टांगलेली. मधे दोन चकचकीत पंख पाळण्यासारख्या लाकडी चौकटीत उभे केलेले.

मिस्त्रींनी आधी त्या लाकडी चौकटीच पाहिल्या. “गुन्यात हाये,” ते पुटपुटले. मग प्रश्न सुरू झाले. पत्र्याच्या आतल्या बाजूला गंज धरू नये म्हणून काही लावले आहे काय? भोकांच्या कडा घासून साफ केल्या आहेत काय? कोणत्या दिवशी काय काम केले ते कोठे लिहिले आहे काय?

पोरगा चकित झाला. म्हणाला, “बाबा, जाणकार लोक नेमके हेच विचारायला सांगतात.” त्याने एक जाडजूड वही दाखवली. तारखा, तास, छायाचित्रे, पावत्या, सगळे होते. ही वही नसेल तर पुढे पंचाईत होते. तेथला कायदा असा, की विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंदासाठीच केलेले असले पाहिजे. तो हौशी एकच असावा असे नाही. एकाने सोडलेले दुसऱ्याने पुरे केले तरी चालते. पण पुरावा लागतो. पुरे झाल्यावर सरकारी माणूस तपासतो, आणि मग बहुधा पहिले २५ किंवा ४० तास ते विमान ठरलेल्या हद्दीतच उडवून पारखावे लागते.

मुलाने मोबाइल पंखाच्या जवळ नेला. रिव्हेट ठोकताना दोन बाजूंना दोन हात लागतात. बाहेरून यंत्राचा ठोका, आतून लोखंडाचा ठोकळा. आत जे डोके तयार होते ते खिळ्याच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच असावे लागते. पंखावरची डोकी एका मापाची होती, जशी काही एका साच्यातून पडलेली.

“हात चांगला होता मानसाचा,” मिस्त्री म्हणाले.

मग धडाचा भाग आला. मिस्त्री एकदम म्हणाले, “थांब. मागं घे. हे काय?” आम्हांला काही दिसले नाही. त्यांनी पडद्यावर नख ठेवले. एका ओळीतली सात-आठ डोकी चपटी झाली होती, एक तर तिरपे बसले होते. “हेही त्याच्याच हातचं, पन त्या दिवशी मन ठिकान्यावर नव्हतं.”

मुलाने ते बाईंना सांगितले असावे. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, “बाबा, दुखणे कळल्यानंतरचे काम आहे ते. डॉक्टर नको म्हणत होते, तरी ते रात्री येऊन बसत. त्या आतून ठोकळा धरायच्या.”

मिस्त्रींच्या घरच्या मंडळींनी पदर तोंडाला लावला. मिस्त्री पुष्कळ वेळ त्या वाकड्या ओळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तेवढी ओळ उकल अन् नवी मार. बाकीच्याले हात लावू नको. अन् त्या बाईले म्हना, काम वाया नाही जाऊ देत.”

हीच मिस्त्रींची परवानगी. अकरा लाखांचा शब्द पुन्हा निघाला नाही.

लिलाव तिकडे रविवारी रात्री ९ वाजता, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी ७:३० वाजता संपणार होता. शाळेला जाण्यापूर्वी मी मिस्त्रींकडे डोकावलो. ते अंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसले होते. आमच्या गावाला नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दुरून लोक येतात. मिस्त्री पहाटेच गुरुमंदिरात जाऊन आले होते. मुलाच्या परतीसाठी मागणे मागितले की विमानासाठी, ते मी विचारले नाही. साडेसातला फोन आला. विमान मिळाले होते.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. मुलगा दर शनिवारी बापाला फोन करतो. पूर्वी ख्यालीखुशाली विचारून तीन मिनिटांत संपणारे बोलणे आता तासतासभर चालते. ती वाकडी ओळ उकलली. नवी मारली, तीही मिस्त्रींनी दोनदा नापास केली. विमान उडायला आणखी किती वर्षे लागतील कोण जाणे. पोरगा परत येईल की नाही, हेही कोणी बोलत नाही.

मागल्या महिन्यात मी वेशीकडून जात होतो. सवयीने मान खाली घालणार, तोच वरून हाक आली. मिस्त्री गच्चीवर होते. सळयांचा गंज त्यांनी तारेच्या ब्रशाने खरवडून काढला होता आणि एकेका सळईभोवती कच्चे सिमेंट थापीत होते. मी वर गेलो. विचारले, “म्हणजे मजला चढवायचा नाही?”

“पोट्टा आला त हे फोडून घेईन अन् बांधीन,” ते थापी न थांबवता म्हणाले. “नाही आला त पुढचा कोनी घेईन. तो तरी म्हनन, मागच्याचा हात चांगला होता.”

त्या रात्री मी ट्रंक ओढून बाहेर काढली. कादंबरी लिहायला बसलो असे मुळीच नाही. तेवढी शूर जात माझी नव्हे. १४२ पाने फक्त वाचून काढली. पहिली शंभर बरी होती. पुढे एके ठिकाणी सात-आठ पाने चपटी झालेली दिसली. ती कोणत्या महिन्यात लिहिली होती ते मला चांगले आठवले. वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हाची ती पाने. मी त्यांच्यावर पेन्सिलीने एक बारीक खूण केली आणि कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख घातली.