इग्वालाच्या वाटेवर

वर्ध्याला जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीत शिरतात, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत इराणच्या भूमीवर इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरतात आणि स्वदेशाची दारे बंद झाल्यावर मेक्सिकोत जाऊन मक्याच्या वाणांचे शास्त्रज्ञ होतात, ही हकीकत लहानपणी वाचल्यापासून मेक्सिको हा देश माझ्या मनातून कधी गेला नाही. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, आणि तेवढ्यावर समाधान न मानता, ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हासिएंदांवर, म्हणजे तिकडच्या जमीनदारांच्या वतनांवर, वेठबिगारी केली अशा कुळांच्या मुलांसाठी शेतीच्या मुक्त शाळा काढल्या. त्या शाळांच्या खुणा पाहाव्यात या एकाच ओढीने मी मेक्सिको शहरात उतरलो आणि तडक चापिंगोस गेलो.

चापिंगोचे विद्यालय स्वतःच एका जुन्या हासिएंदात वसलेले आहे. तेथील प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर दिएगो रिव्हेराने रंगविलेली चित्रे पाहण्यासाठी सर्व जगातून लोक येतात. मीही ती पाहिली, परंतु माझे चित्त तेथे रमले नाही. खानखोज्यांविषयी विचारीत मी ग्रंथालयात गेलो, तेव्हा तेथील एक वृद्ध कर्मचारी माझे सर्व बोलणे शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "शेतकऱ्यांच्या मुलांच्या शाळा तुम्हांला पाहायच्या असतील तर भिंतींवर शोधू नका, साहेब. आयोत्सिनापाला जा. ती शाळा अजून चालू आहे." त्या एका वाक्याने माझ्या प्रवासाची दिशा फिरली.

आयोत्सिनापा हे नाव मी वृत्तपत्रांत वाचले होते. गेर्रेरो प्रांतातील तिश्तला गावाजवळची ही ग्रामीण अध्यापकशाळा 1926 साली स्थापन झाली. खानखोजे मेक्सिकोत स्थिरावत होते तोच हा काळ, आणि मेक्सिकन क्रांतीने शेतकऱ्याला जमिनीबरोबर अक्षरही देण्याचे जे वचन दिले होते त्याच वचनाचे हे अपत्य. या शाळेच्या विद्यार्थ्यांपैकी 43 जण 26 सप्टेंबर 2014 च्या रात्री इग्वाला शहरातून नाहीसे झाले. तेव्हा आयोत्सिनापास जायचे तर इग्वालावरूनच जायचे, असे मी ठरविले.

मेक्सिको शहरातून दक्षिणेस निघालेला रस्ता डोंगर ओलांडून कुएर्नावाकास उतरतो. कोर्तेसचा राजवाडा मी बाहेरूनच पाहिला, कारण या शहराशी माझ्या मनात दोन अगदी अलीकडच्या घटना जोडलेल्या होत्या. डिसेंबर 2009 मध्ये मेक्सिकन नौदलाच्या सैनिकांनी आर्तुरो बेल्त्रान लेव्हा या अमली पदार्थांच्या बलाढ्य सरदारास येथेच एका इमारतीत घेरून ठार मारले. सरकारने तो विजय मानला, परंतु सरदार पडल्यावर त्याची फौज विसर्जित झाली नाही. तिच्या चिरफळ्या उडाल्या, आणि त्या चिरफळ्या गेर्रेरोच्या डोंगराळ मुलखात एकमेकींचा गळा घोटू लागल्या. 'गेर्रेरोस उनिदोस' ही टोळी त्यांपैकीच एक. दुसरी घटना मार्च 2011 मधली. हावियेर सिसिलिया या कवीचा तरुण मुलगा येथे मारला गेला. पुत्रशोकाने विदीर्ण झालेल्या त्या कवीने आपण यापुढे कविता लिहिणार नाही असे जाहीर केले, आणि मे महिन्यात कुएर्नावाकाहून राजधानीपर्यंत पायी मोर्चा काढला, तो बव्हंशी मौनाने. सिसिलिया हे गांधीजींचे श्रद्धावान अभ्यासक आहेत. दांडीच्या वाटेचा एक धागा या रस्त्यावर येऊन पोहोचला होता, आणि ज्यांच्या घरातले माणूस मारले गेले वा नाहीसे झाले अशी शेकडो कुटुंबे, जी तोवर लाजेने व भयाने गप्प होती, त्या धाग्याला धरून प्रथमच घराबाहेर पडली. लाज अशासाठी की तोपर्यंत राज्यकर्ते आणि शेजारी सर्रास म्हणत, मारला गेला म्हणजे तो काहीतरी धंद्यात असणारच.

ताश्को हे रुप्याच्या खाणींचे नगर वाटेत लागते. सांता प्रिस्काचे देऊळ, उतरत्या गल्ल्या, चांदीची दुकाने हे सर्व मोटारीच्या काचेतून मागे सरले. तासाभरात आम्ही इग्वालाच्या तप्त खोऱ्यात उतरलो.

इग्वाला म्हणजे मेक्सिकोच्या स्वातंत्र्याचे जन्मस्थान. 24 फेब्रुवारी 1821 रोजी, स्पेनच्या राजाचा सेनानी आगुस्तीन दे इतुर्बिदे आणि दहा वर्षे डोंगरांत झुंजणारा बंडखोर विसेन्ते गेर्रेरो यांच्यात समेट झाल्यावर, येथेच स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला आणि मेक्सिकोचा पहिला ध्वज शिवला गेला. चौकात आपल्याकडच्यासारखीच चिंचेची जुनी, विस्तीर्ण झाडे आहेत आणि डोंगरमाथ्यावर एक अवाढव्य निशाण फडकत असते. पण माझे मन गुंतले ते गेर्रेरोच्या अखेरीत. आफ्रिकी आणि आदिवासी रक्ताचा हा खेचरवाल्याचा मुलगा प्रजासत्ताकाचा दुसरा अध्यक्ष झाला, 1829 मध्ये त्याने गुलामगिरी रद्द केली आणि त्याच वर्षी तो पदच्युत झाला. पुढे सरकारपक्षाने पिकालुगा नावाच्या एका जिनोवावासी जहाजकप्तानाशी 50,000 पेसोंचा सौदा केला. त्याने आकापुल्कोच्या बंदरात गेर्रेरोला मेजवानीच्या मिषाने जहाजावर बोलावून कैद केले व शत्रूच्या स्वाधीन केले. फेब्रुवारी 1831 मध्ये गेर्रेरोला गोळ्या घातल्या गेल्या. हुकूमतीने भाडोत्री हाताकडून माणूस पळवून न्यावा हा प्रकार या प्रांतात, ज्याला त्याच पुरुषाचे नाव दिले आहे, इतका जुना आहे.

इग्वालात मुक्कामाची सोय वाईट होती. खोलीत वारा नव्हता, पाणी पहाटेच संपे, आणि व्यवस्थापकाने रात्री नऊनंतर बाहेर पडू नका असे इतक्या कोरडेपणाने बजावले की मला त्याचा राग आला. ज्याला पैसे देऊन मी बरोबर घेतले होते तो वाटाड्या तर मला पुनःपुन्हा ध्वजाच्या संग्रहालयाकडे नेई, आणि ज्या रस्त्यांवर ती रात्र घडली त्यांचे नाव काढताच गाडीचा वेग वाढवी. त्याची बायकामुले याच गावात राहतात हे ध्यानी आल्यावर मी त्याला अधिक छेडले नाही, आणि दुसऱ्या दिवशी एकटाच चालत गेलो.

रस्ता साधा आहे. दुकाने, औषधालय, शाळेतून परतणारी मुले. 2 ऑक्टोबर 1968 रोजी राजधानीतील त्लातेलोल्को चौकात सैन्याने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्या दिवसाच्या स्मृतिमोर्च्यास जाण्यासाठी आयोत्सिनापाची मुले, अनेक वर्षांच्या प्रघाताप्रमाणे, बसगाड्या ताब्यात घ्यायला इग्वालास आली होती. बहुतेक पहिल्या वर्षाची, नुकतीच गावाकडून आलेली. पोलिसांनी गाड्या अडवल्या आणि गोळीबार केला. त्या रात्री सहा जण मेले: तीन विद्यार्थी, आणि बाकीचे तिघे केवळ रस्त्यावर होते म्हणून, त्यांतला एक सामना खेळून परतणारा किशोरवयीन फुटबॉलपटू. 43 विद्यार्थ्यांना पोलिसांच्या गाड्यांत कोंबून नेले आणि टोळीच्या हवाली केले. टोळीचे त्या मुलांशी काय वैर होते? या डोंगरांत अफूची शेती होते. बोंडाला चीर देऊन गोळा केलेला चीक हेरॉइन होऊन उत्तरेस जातो, आणि 'गेर्रेरोस उनिदोस' आपला माल प्रवासी बसगाड्यांत दडवून शिकागोपर्यंत पोहोचवीत, हे अमेरिकन न्यायालयातील दप्तरातून पुढे आले. मुलांनी नेमकी तशीच एखादी गाडी अजाणता उचलली असावी, असा स्वतंत्र तज्ज्ञांचा तर्क आहे.

सरकारने जानेवारी 2015 मध्ये सांगितले की मुलांना शेजारच्या कोकुलाच्या कचराभूमीत जाळून टाकले, आणि त्या निवेदनाला 'ऐतिहासिक सत्य' असे नाव दिले. इतिहासाची आवड असलेल्या माणसाला हे दोन शब्द वाचताना जी चीड येते ती मी लपवू इच्छीत नाही. आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी, आणि पुढे अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांनी, दाखवून दिले की इतकी प्रेते जाळणारी आग तेथे लागल्याचा पुरावाच नाही. आजवर केवळ तिघांचे अवशेष ओळखले गेले. 2022 मध्ये सरकारच्याच सत्यशोधन आयोगाने हा राज्यसंस्थेचा गुन्हा होता असे नमूद केले.

या 43 मुलांचा शोध सुरू झाला तेव्हा इग्वालाभोवतीच्या टेकड्यांत प्रेते मिळाली, पण ती त्या मुलांची नव्हती. मग ती कोणाची? या प्रश्नाने गावाचे तोंड उघडले. 2014 च्या नोव्हेंबरात सान हेरार्दोच्या देवळात बायका आणि पुरुष जमू लागले, आणि आपलाही मुलगा, आपलाही नवरा गेला आहे हे प्रथमच उघड बोलू लागले. लोक या नाहीशा झालेल्यांना 'इतर बेपत्ता' म्हणू लागले. आठवड्याच्या सुटीला ही मंडळी डोंगर चढत, जमीन खचल्यासारखी दिसेल तेथे लोखंडी सळई ठोकत, ती उपसून टोकाचा वास घेत. वास आला की तेथे खूण करायची आणि अंमलदारांना बोलवायचे. अशा रीतीने त्यांनी शंभराहून अधिक देह जमिनीतून वर आणविले. जे काम सरकारच्या पंचांनी करायचे ते आयांनी केले.

त्या मंडळींपैकी एका वृद्ध मातेशी माझी भेट झाली. तिच्या घरात मुलाची तसबीर होती, पण ती इतर मृतांच्या तसबिरींपासून दूर, खिडकीशी. "ऑक्टोबर सरता सरता सगळे मृतांसाठी मांडणी करतात, झेंडूची फुले वाहतात," ती म्हणाली. "मी त्याच्यापुढे मेणबत्ती लावीत नाही. लावली की मीच त्याला मारल्यासारखे होईल."

मला तेथे ओक्ताव्हियो पाझ आठवले. मेक्सिकन माणूस मृत्यूशी सलगीने वागतो, त्याला भीत नाही, त्याच्याशी खेळतो, असे त्यांनी 1950 साली आपल्या विख्यात ग्रंथात मांडले, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रवासी तेच सूत्र घेऊन या देशात येतो. त्लातेलोल्कोच्या हत्याकांडानंतर दिल्लीतील राजदूतपदाचा त्याग करणाऱ्या त्या थोर लेखकाविषयी मला आदर आहे, परंतु या घरात त्यांचे विधान मला सर्वथा अपुरे वाटले. या मातेला मृत्यू मिळालेलाच नाही, मग सलगी कशाशी करावी? ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठी बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करावा व त्यास अग्नी द्यावा, असा पालाशविधी आपल्या शास्त्रकारांनी सांगितला आहे. मागे राहिलेल्यांची सुटका त्यांना ठाऊक होती. तिला मी तो विधी सांगितला. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "आणि तेराव्या वर्षी तो परत आला तर?"

पुढे वाटेत चिल्पान्सिंगो शहरात एका निवृत्त इतिहासाध्यापकांशी माझा दीर्घ वाद झाला. त्यांचे म्हणणे असे, की गेर्रेरोची माती सदैव रक्ताची तहानलेली राहिली आहे. बंडखोर, जहागीरदार, गावगुंड आणि आता अफूवाले, नावे तेवढी बदलतात. मी त्यांच्यापुढे आकडे ठेवले: 2007 मध्ये साऱ्या मेक्सिकोत 8,867 खून झाले होते आणि ते प्रमाण अनेक वर्षे उतरत आले होते. नवे अध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी डिसेंबर 2006 मध्ये टोळ्यांविरुद्ध सैन्य रस्त्यावर आणले, आणि 2011 मध्ये 27,213 खून झाले. फेर्नान्दो एस्कालान्ते गोन्साल्बो या समाजशास्त्रज्ञाने ही उसळी तेव्हाच निदर्शनास आणली होती. चार वर्षांत मातीचा स्वभाव पालटत नाही. मातीला दोष दिला की ज्यांच्या सह्यांनी हुकूम सुटले त्यांचे जाबजबाब घ्यावे लागत नाहीत.

प्राध्यापक चिडले नाहीत. "मग सैन्याचीच गोष्ट पुरी सांगा," ते म्हणाले, आणि त्यांनी 1970 च्या दशकातील 'गलिच्छ युद्धा'चे प्रकरण काढले. लुसियो काबान्यास हा आयोत्सिनापाचाच विद्यार्थी, शिक्षक, पुढे सशस्त्र बंडखोर. त्याच्या पाठलागात सैन्याने आतोयाकच्या खेड्यांतून शेकडो माणसे उचलली, आणि कित्येकांना आकापुल्कोजवळच्या हवाई तळावरून विमानात घालून समुद्रात टाकले. "देह नाहीसा करण्याची विद्या टोळ्यांनी शोधली नाही. ती या मुलखात सरकारनेच शिकवली." येथे मला त्यांच्याशी सहमत व्हावे लागले, जरी त्यामुळे त्यांचा मातीचा सिद्धान्त ढासळतो असे माझे मत कायम राहिले आणि तसे मी त्यांना सांगितले. आज देशाच्या अधिकृत नोंदवहीत बेपत्ता माणसांची संख्या एक लाखाच्या वर आहे.

आयोत्सिनापास पोहोचलो तेव्हा दुपार होती. भिंतींवर चित्रे आहेत, शेते आहेत, गुरे आहेत. मुले अभ्यास करतात आणि नांगरही धरतात. खानखोज्यांनी हे पाहून समाधान मानले असते. क्रीडांगणावर 43 खुर्च्या मांडलेल्या आहेत, प्रत्येकीवर एक तसबीर. डोंगरातल्या खेड्यांची काय अवस्था आहे असे एका विद्यार्थ्यास विचारले, तर त्याने सांगितले की फेंटानिल आल्यापासून अफूच्या चिकाला भाव उरला नाही, लोक गावे सोडून उत्तरेस चालले आहेत, आणि टोळ्या आता कोंबडी विकणाऱ्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांकडून खंडणी घेतात.

नाहीशा झालेल्या एका मुलाचे वडील तेथे भेटले. वाट पाहता पाहता काही आईबाप वारले, उरलेले दर महिन्याच्या 26 तारखेस राजधानीत मोर्चा नेतात. त्यांची मागणी मोघम नाही. इग्वालातील 27 व्या पायदळ तुकडीला त्या रात्री काय काय ठाऊक होते ते सांगणारी सुमारे 800 पाने सैन्याच्या दप्तरात आहेत असे त्यांचे म्हणणे आहे, सैन्य नाही म्हणते, आणि त्यांना ती पाने हवी आहेत. भाषणे नकोत, भरपाई नको, ती पाने. हे मला समजावून सांगताना ते बोटांवर एकेक मुद्दा मोजीत होते. मग पुढच्या 26 तारखेसाठी गाडी ठरवायची होती म्हणून ते उठले, आणि विद्यार्थ्यांच्या समितीकडे भाड्याचा हिशेब करायला गेले.