आवाज न करता बोलणारे बाबा

लोअर परळला ऑफिस असलेल्यांनो, लंच अवरमध्ये कधी मान वर करून बघितलंय? काचेच्या इमारतींमधून एखादी विटांची चिमणी अजून डोकं वर काढून उभी असते. आपल्यासाठी ती टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायची खूण. माझ्या बाबांच्या पिढीसाठी ती रोजीरोटी होती.

बाबा १९६८ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावातून एसटीने मुंबईत आले. वय अठरा. गाववाल्यांच्या खोलीत मुक्काम, जेवायला खानावळ. खोलीत माणसं इतकी, की झोपायचंसुद्धा पाळीपाळीने. आधी बदली कामगार, म्हणजे गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर चालत घरी. पुढे साचाखात्यात पर्मनंट झाले.

साचाखातं म्हणजे एका छपराखाली शेकडो माग, आणि प्रत्येकावर इकडून तिकडे आपटणारा धोटा. शेजारी उभ्या माणसाचा शब्द ऐकू येणार नाही, असा आवाज. म्हणून तिथली माणसं ओठ वाचायला शिकायची. ‘चहाला येतोस का?’ इथपासून ‘गावाहून तार आली’ इथपर्यंत सगळं ओठांवर आणि हातवाऱ्यांवर.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. काही गिरण्या हळूहळू पुन्हा सुरू झाल्या, पण बाबांना बोलावणं आलं नाही.

माझा जन्म १९८४ चा. त्यामुळे मला माहीत असलेले बाबा पहाटे पेपर टाकायचे, दुपारी भाजी विकायचे आणि रात्री एका सोसायटीत वॉचमन असायचे. झोपायचे कधी, ते आईलाच ठाऊक! पण शाळेच्या ओपन डेला इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर हजर. माझी फी कधी एक दिवस उशिरा गेली नाही. एकदा विचारलं, ‘‘बाबा, गिरणीची आठवण येते?’’ म्हणाले, ‘‘साचा बंद झाला गं, हात थोडेच बंद झाले?’’

साठीला आले तोवर कान जवळजवळ गेले होते. मशीन आणलं, तर ‘‘शिट्टी वाजते’’ म्हणून कपाटात ठेवलं. मग घरात आम्ही सगळे ओरडून बोलायचो आणि ते नुसते हसायचे. २०१३ मध्ये माझी लेक झाली. तीन वर्षांची असताना तिने न शिकवता शोधून काढलं, की आजोबांसमोर उभं राहून नुसते ओठ हलवले तरी चालतं. झालं! माझ्या पाठीमागे दोघांचे चॉकलेटचे बेत बिनआवाजी ठरायला लागले. ज्या साच्यांनी कान नेले, त्यांनीच शिकवलेली विद्या आजोबांना नातीजवळ घेऊन गेली. तो तिला फ्रॉकचं कापड दोन बोटांत धरून उभा धागा, आडवा धागा दाखवायचे. ती शाळेत जाऊन मैत्रिणींचे फ्रॉक तपासायची.

२०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. घरं काही हजार, अर्ज लाखाच्या वर. बाबांनीही अर्ज भरला होता. दर सोडतीला चष्मा लावून यादीवरून बोट फिरवायचे, आणि पावती परत रेशनकार्डाच्या पिशवीत जायची. २०२१ मध्ये बाबा गेले. पावती अजून त्याच पिशवीत आहे. आता वारस म्हणून यादी मी बघते. घर लागेल की नाही, देव जाणे. पण मोफत मिळालेलं काही बाबांनी कधी घेतलं नाही, आणि हे घरही मोफत नाही. त्याचा हप्ता त्यांनी कानांनी भरलाय.

परवा संध्याकाळच्या दादर लोकलमध्ये लेक दाराशी अडकली, मी आत. मधे पन्नास बायका, त्यात भजनाचा ग्रुप. तिने लांबूनच ओठ हलवले, ‘आई, उतरायचंय.’ मला कळलं.