बेअरिंगची गाडी आणि देवीचा उतार

आमची पहिली गाडी तलवाड्यात बनली. एक रुंद फळी, तिच्याखाली बाभळीची दोन आडवी लाकडं आणि गॅरेजातून मागून आणलेली चार जुनी बेअरिंगं. इंजिन नाही, ब्रेक नाही. उतारावर बसायचं आणि मागून कोणीतरी ढकलायचं. मराठवाड्यातल्या पोरांची गो-कार्ट ती हीच.

बेअरिंग मिळणं सोपं, बसवणं अवघड. आतलं ग्रीस काळ्या मातीनं घट्ट झालेलं असायचं. रात्रभर रॉकेलमध्ये भिजवलं की सकाळी गोळ्या मोकळ्या व्हायच्या आणि बोटावर धरून फिरवलं तर चाक गरगर फिरत राहायचं. पण लाकडाच्या टोकावर ते घट्ट बसवायचं कसं? लोहाराच्या भट्टीपाशी बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलेलं होतं. लोखंडाचं कडं तापवून फुगवायचं, लाकडावर बसवायचं आणि पाणी ओतून आवळायचं. आम्ही उलटं केलं. लाकूड वाळलेलं असतानाच तासून, ठोकून बेअरिंगमध्ये घातलं आणि ते टोक हौदात बुडवून ठेवलं. लाकूड पाणी पिऊन फुगलं नि बेअरिंगला चिकटून बसलं.

चैत्राच्या उन्हात लाकूड पुन्हा वाळलं. भर उतारावर डावं चाक निसटून पुढं धावत गेलं आणि फळीचा कोपरा डांबरावर घासत थांबला. कोपरं सोलली, पण दोष उमगला. बैलगाडीच्या आसाला टोकाशी खीळ असते, तेवढीच आम्ही विसरलो होतो.

वळणाची गोष्ट याहून नाजूक. पुढचं आडवं लाकूड मधोमध एका बोल्टवर फिरतं आणि त्याच्या दोन्ही टोकांवर पाय ठेवून गाडी वळवायची. लाकूड आखूड असेल तर पायाच्या जराशा हालचालीनं गाडी झटका खाते. लांब असेल तर वळण सावकाश, ताब्यात राहतं. मोटारीत यासाठी वेगळी रचना असते. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त कोनात वळावं लागतं, कारण त्याचं वर्तुळ लहान. या रचनेचं पेटंट रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी 1818 मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं, तेही घोडागाडीसाठी. म्हणजे मोटारीच्या आधी हा प्रश्न घोडागाड्या बनवणाऱ्यांनी सोडवला होता, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

खरी गो-कार्टही घरगुती हातांचीच. 1956 मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसिंग गाड्यांच्या कारागिरानं लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडून त्यावर गवत कापायच्या यंत्राचं छोटं इंजिन बसवलं. पासाडिनातल्या रोझ बोलच्या वाहनतळावर ती धावली, आणि पाहणाऱ्यांना आपल्यालाही एक हवी असं वाटू लागलं. कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर असतात, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं मोटारीसारखं डिफरन्शियल नसतं. त्यामुळे वळणावर आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जावं लागतं, नाहीतर गाडी अडते. स्प्रिंगा नसलेला सांगाडाच तेवढा वाकतो. आमच्या गाडीला ही अडचण नव्हती, कारण प्रत्येक बेअरिंग आपापलं फिरायचं, बैलगाडीच्या चाकासारखं.

महाराष्ट्रात घरी गाडी बनवण्याच्या या वेडाला मोठा मान मिळाला तो सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी. तिथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून, सुमारे 60 हजार रुपयांत, मुलाच्या हट्टासाठी छोटी जीप उभी केली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू व्हायची. डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं. गाडी नियमांत बसत नसल्यानं अधिकारी तिला कधीतरी थांबवतील, हेही त्यांनी सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. मला त्या बोलेरोपेक्षा ती किक मोठी वाटते. हाताशी जे आहे त्यातूनच गाडी सुरू करायची, हा विचार त्या किकमध्ये दिसतो.

तलवाड्यातली आमची दुसरी गाडी खिळीसकट तयार झाली. मागच्या लाकडाला टायरचा तुकडा ठोकून एक दांडका जोडला. तो ओढला की रबर रस्त्यावर घासायचं. त्वरिता देवीच्या वाटेवरचा उतार आम्ही निवडला. त्वरिता म्हणजे वेगवान, हे आजीनं सांगितलेलं होतं, म्हणून सुटण्याआधी देवळाच्या दिशेनं हात जोडले. चार बेअरिंगांचा खडखडाट डांबरावरून इतका वाढला की पुढून येणाऱ्या बैलगाडीचा गडी आवाजानंच बैल बाजूला घेऊन उभा राहिला. दांडका ओढला. रबराचा वास आला, गाडी हळू झाली आणि बैलगाडीच्या चाकापासून दोन हातांवर थांबली. गड्यानं खाली उतरून आमची खीळ बोटानं हलवून पाहिली.

"सैल हाय," तो म्हणाला. "पाचर मारा."