आळस नव्हे, अनास्था

धर्मशिक्षणात सात मुख्य पापांची यादी आपण सर्वांनीच पाठ केलेली असते. गर्वापासून निघालेली ही यादी आळसापाशी येऊन संपते. सकाळी उशिरा उठणे हे खून-चोरीच्या पंक्तीत कसे बसते, असा प्रश्न बालपणी आम्हांला पडत असे. शब्दाच्या मुळाशी गेले म्हणजे त्याचे उत्तर मिळते.

मूळ ग्रीक शब्द 'अकेदिया'. 'केदोस' म्हणजे काळजी. मृतासाठी केलेल्या शोकालाही हाच शब्द. आरंभीचा 'अ' संस्कृतातल्याप्रमाणेच नकारार्थी. होमरच्या 'इलियड'मध्ये हेक्टरचा देह अंत्यसंस्काराविना शत्रूच्या छावणीत पडून असतो. त्याचा वृद्ध पिता त्या स्थितीसाठी याच कुळातले विशेषण योजतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील संन्यासी एवाग्रियस याने या शब्दाखाली साधकाच्या मनाची एक अवस्था रेखाटली. सकाळी दहाच्या सुमारास ही पीडा सुरू होते. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. संन्यासी पुनःपुन्हा खिडकीकडे पाहतो. राहत्या जागेचा, हातातल्या कामाचा वीट येतो. बंधूंमधले प्रेम आटले, अन्यत्र गेलो तर बरे होईल, असे वाटू लागते. 91व्या स्तोत्राच्या ग्रीक भाषांतरावरून या पीडेला 'माध्यान्हीचे भूत' असे नाव पडले. पुढे कासियनने हा विचार लॅटिनमध्ये आणला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी अकेदिया म्हणजे ईश्वरी कल्याणाविषयीच वाटणारी खिन्नता, असा तिचा अर्थ सांगितला. लोकव्यवहारात मात्र कालांतराने केवळ आळस उरला.

आपला 'आळस' संस्कृत 'अलस' वरून आला. जो लसत नाही, म्हणजे ज्याच्यात चमक वा हालचाल नाही, तो अलस. फारसीतून आलेली 'सुस्ती'ही देहाचीच. अकेदियाचा खरा जुळा शब्द आपल्याकडे 'अनास्था' हा आहे. तोच नकार आणि तीच हरवलेली काळजी.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. आळशी माणूस चटकन ओळखू येतो; अनास्था कामसू माणसातही सुखाने नांदते. पहाटेच्या गाडीने कामावर जाणारा मुलगा आजारी आईची औषधे न चुकता आणतो, परंतु तिच्या उशाशी दोन घटका बसत नाही. धर्मगुरूच्या नोंदवह्या चोख असतात आणि दारी आलेल्याचे दुःख ऐकताना त्याची नजर घड्याळावर असते. यांना आळशी कोण म्हणेल? उलट, आजाराने किंवा विषण्णतेने ज्याचे अंगच उठत नाही, त्याला मात्र आपण खुशाल आळशी ठरवतो. त्याला वैद्य हवा असतो, आणि जवळ बसणारे कोणीतरी. त्याला हिणवण्यात पाप असलेच, तर ते आपल्या पदरी पडते.

या पीडेवर एवाग्रियसचा उपाय साधा होता: खोली सोडून पळू नये, धीराने तिथेच थांबावे. 'आस्था' या शब्दातही 'स्था' आहे, उभे राहणे आहे. ज्या माणसापाशी, ज्या कामापाशी देवाने आपल्याला ठेवले, तिथे मनासकट उभे राहणे, एवढेच या सातव्या पापावरचे औषध आहे.