घडी घालणारे हात

वाचकहो, वार्धक्य माणसाकडून काय काय काढून घेते, याची यादी करावयास सांगितले तर आपण दृष्टी, श्रवण, दात, गुडघे, स्मरण अशी नावे सहज सांगाल. त्या यादीत एक गोष्ट बहुधा राहून जाते. ती म्हणजे देण्याचा अधिकार. ज्या हातांनी जन्मभर ताटे वाढली, लेकीबाळींच्या ओट्या भरल्या, दारी आलेल्याला सूपभर धान्य घातले, त्या हातांना एके दिवशी केवळ घ्यावयाचे उरते. औषध घ्या, पाणी घ्या, आधार घ्या, विश्रांती घ्या. आपण हे सारे मायेपोटीच म्हणत असतो. परंतु दिवसभर घेतच राहावे लागणाऱ्या माणसाच्या मनात आपण कोणाच्या उपयोगाचे उरलो नाही ही भावना हळूहळू घर करते, आणि ती कोणत्याही तपासणीच्या कागदावर उमटत नाही.

आमचे घर हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात, हळदीच्या मुलखात. माझ्या सासूबाईंना घरात सगळे ‘माय’ म्हणत. वयाच्या 74व्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाल्याने वाचा शाबूत राहिली, चालणेही काठीच्या आधाराने जमू लागले. मात्र उजव्या हाताची बोटे दुबळी झाली. व्यायामोपचार करणाऱ्या ताईंनी मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम शिकवला. मायने तो आठ दिवस केला आणि नवव्या दिवशी चेंडू उशाशी ठेवून दिला. मी आठवण केली तेव्हा म्हणाल्या, “बाई, हा चेंडू दाबून कोणाचं काय भलं व्हनार हाय?” त्यांचे जेवण कमी झाले होते, बोलणेही कमी झाले होते. त्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्या मराठवाड्यात ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि पूजनाच्या दिवशी हळदीकुंकवाला साऱ्या गल्लीतल्या बायका येतात. त्या वर्षी प्रत्येकीला घरच्या हळदीची एक पुडी द्यावी असे मी ठरवले होते आणि कोऱ्या कागदाचे चौकोन कापून ठेवले होते. माय काठी टेकत आल्या आणि बाजूला बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी एक चौकोन ओढून घेतला. डाव्या हाताने घडी घातली आणि दुबळा उजवा तळवा तिच्यावर नुसता ठेवून दाबला. पुडी वाकडी झाली, पण सुटली नाही. लग्नापूर्वी माहेरच्या दुकानात त्यांनी अशा पुड्या बांधल्या होत्या, हे मला त्या दुपारी प्रथमच कळले. संध्याकाळपर्यंत त्यांनी 19 पुड्या केल्या.

यामागचे एक दुःख आपणांस सांगितले पाहिजे. सासरे गेल्यापासून माय हळदीकुंकवाच्या वेळी माजघरात जाऊन बसत. कोणी त्यांना तसे सांगत नसे. सांगावे लागतच नसे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने 2022च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ शासनानेही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. पण ठराव जितक्या लवकर होतो, तितक्या लवकर मन बदलत नाही. त्या दिवशीही माय माजघरातच बसल्या. मात्र पुड्यांचे ताट कोणाच्या हातचे आहे ते मी प्रत्येकीला सांगितले, आणि बायका आत जाऊन त्यांच्या पाया पडून आल्या. शेजारच्या एका सुनेने तर पुडी पुन्हा त्यांच्या हातात ठेवून, “तुमच्याच हातानं द्या,” म्हणून ओंजळ पुढे केली. रूढी त्या दिवशी मोडली असे मी म्हणणार नाही. पण रात्री मायने एक पोळी अधिक मागितली, आणि दुसऱ्या दिवशी विचारले, “अजून कागद हायेत का?”

ही पुडी आपणही घरी करू शकाल. 15 सेंटिमीटर बाजूचा चौकोनी कोरा कागद घ्यावा. तो कर्णावर दुमडून त्रिकोण करावा आणि लांब बाजू आपल्याकडे ठेवावी. डावा कोपरा समोरच्या उजव्या बाजूच्या मध्यावर आणावा, मग उजवा कोपरा तसाच डाव्या बाजूवर आणावा. एक लहानसा पेला तयार होतो. त्यात हळद, कुंकू, बडीशेप, तुळशीचे बी, जे द्यायचे ते भरावे. वरची दोन टोके उरतात. ती दोन्ही एकत्र पुढे दुमडून पुढच्या खिशात खोचावीत आणि दाबावीत. डिंक लागत नाही, कात्री लागत नाही. तिळगूळ किंवा कोणताही खाद्यपदार्थ द्यायचा असल्यास वर्तमानपत्राचा कागद मात्र वापरू नये. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असे वेळोवेळी बजावले आहे.

कागद ही आपल्या मराठवाड्याला परकी वस्तू नाही. दौलताबाद-वेरूळच्या वाटेवर कागजीपुरा नावाचे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने 1327च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली, त्या काळापासून तेथे हातकागद बनत आल्याचे सांगतात. चिंध्या कुटून, लगदा पाण्यात कालवून, चाळणीवर एकेक ताव उचलणारे ते हात होते. टाकाऊतून टिकाऊ हा शब्दप्रयोग अलीकडचा. ती वृत्ती आपल्याकडे फार जुनी आहे.

श्रद्धेचेही तसेच. हिंगोलीजवळचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचा जन्म 1270चा. शिंप्याच्या घरातील या संताची 61 पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि तेथे कात्री, सुई, दोरा, कापड मोजण्याचा गज ही व्यवसायाचीच साधने भक्तीची रूपके होऊन येतात. हाताचे काम आणि ईश्वराचे नाव या दोन वेगळ्या वाटा नाहीत, हे आमच्या मातीतच सांगितले गेले आहे. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनास जाणे आता झेपत नाही, पायऱ्या उतरवत नाहीत, ही खंत आमच्या भागातील अनेक ज्येष्ठांच्या तोंडी असते. त्यांनी हिरव्या कागदाची त्रिदळे कापावीत, प्रत्येक दळावर नाम लिहावे आणि सोमवारी घरच्या देवापुढे ठेवावीत. लिहिण्याने बोटांना वळण राहते, मोजणीने लक्ष स्थिर राहते, आणि न झालेल्या यात्रेचे शल्य थोडे हलके होते.

मैत्रीसाठी आमच्या घरी दसरा उपयोगी पडला. हिंगोलीचा दसरा साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध. पण मायला आता त्या गर्दीत नेणे शक्य नव्हते. त्यांची बालमैत्रीण सेनगाव तालुक्यात असे. तिचेही गुडघे गेलेले. दोघींची भेट तीन वर्षांत झाली नव्हती. आपट्याचे पान आपण नीट पाहिले आहे का? एकाच देठावर दोन पाळ्या, मधोमध एक शीर. पिवळा कागद मधोमध दुमडून त्यावर एकाच पाळीचा अर्धा आकार काढावा आणि कापावा. उलगडले की दोन जोडलेल्या पाळ्यांचे पान हाती येते. मायने एका पाळीवर आपले नाव लिहविले, दुसरीवर मैत्रिणीचे, आणि पान पाकिटात घालून टपालाने पाठविले. पंधरा दिवसांनी उत्तर आले: वहीच्या रेघी कागदाचे, वेडेवाकडे कापलेले एक पान आणि त्यावर तीच दोन नावे. ते मायच्या पोथीत राहिले. दसऱ्याला आपट्याची झाडे ओरबाडली जातात, तीही अशाने थोडी वाचतील.

तिसरी कृती हळदीच्या मुलखाला शोभणारी आणि नातवंडांना हमखास आवडणारी. अर्धी वाटी कोमट पाण्यात एक चमचा हळद कालवून ती जाड पांढऱ्या कागदावर कापसाने पुसून घ्यावी व कागद सावलीत वाळवावा. मग अंगाच्या साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर स्वस्तिक, पणती किंवा नाव काढावे. पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते. साबणातील क्षाराने हळदीचा रंग पालटतो; हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या रीतीत हेच तत्त्व आहे. चुन्याच्या निवळीनेही हे होते, पण डोळ्यांना आणि नाजूक त्वचेला चुना बाधतो, म्हणून साबणच बरा. असे शुभेच्छापत्र उन्हात फिके पडते. ते पोथीत किंवा पाकिटात ठेवावे.

आता शुश्रूषा करणाऱ्यांशी थोडे बोलते. कागदाच्या घड्यांनी अर्धांगवायू बरा होत नाही, विस्मरणाचा आजार थांबत नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधे आणि सांगितलेले व्यायाम यांना हा पर्याय नाही. मात्र व्यायामाला एखादे कारण मिळाले तर तो टिकतो, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. विस्मरणाच्या आजारात नावे आणि तारखा आधी जातात, पण जन्मभर केलेल्या कामाचे हातवळण पुष्कळदा बराच काळ राहते. म्हणून नवे काही शिकविण्याऐवजी जुने काय येत होते ते विचारावे. कोणी पुड्या बांधल्या असतील, कोणी पतंग, कोणी दिवाळीचे आकाशकंदील.

बसण्याची जागा उजेडाची असावी, चष्मा डोळ्यांवर असावा, कागद कोपराच्या उंचीला यावा. 15 ते 20 मिनिटांनी हात मोकळे करावेत. बोटे सुजलेली किंवा ठणकत असतील त्या दिवशी काम नकोच. एक हात दुबळा असेल तर कागदावर वरवंटा किंवा जड वाटी ठेवावी, म्हणजे कागद सरकत नाही. कात्री बोथट टोकाची असावी. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील तर कापण्याचे काम आपण करावे, घडीचे त्यांना द्यावे. चिकटविण्यासाठी घरची खळ पुरते: दोन चमचे मैदा एक कप पाण्यात कालवून मंद आचेवर घट्ट शिजवावा. कीड लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालीत. ते विषारी आहे, आणि ज्या घरात वस्तू तोंडात घालणारे ज्येष्ठ किंवा लहान मूल आहे तेथे ते मुळीच नको. खळ दोन दिवसांत संपवावी. कागदी कंदिलात पणती किंवा मेणबत्ती न ठेवता लहान विजेचा दिवा लावावा.

याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. वाकडी झालेली घडी त्यांच्यादेखत सरळ करू नका. ती त्यांची आहे. आणि केलेली वस्तू कपाटात ठेवून देऊ नका. ती कोणाला तरी मिळाली पाहिजे, आणि ज्याला मिळाली त्याचा निरोप परत आला पाहिजे. रोज गोळ्या देणारा औषधाच्या दुकानातला मुलगा, दूध घालणारे काका, गावातील आशाताई, अंगणवाडीतील मुले, सारे घेण्यास पात्र आहेत. जपानमध्ये आजारी माणसासाठी कागदाचे हजार करकोचे करण्याची रीत आहे. हिरोशिमाच्या अणुबॉम्बच्या किरणोत्साराने आजारी पडलेली सादाको सासाकी ही मुलगी रुग्णालयात असे करकोचे करीत होती. 1955 साली, बाराव्या वर्षी ती गेली. करकोच्यांनी तिचा आजार हटला नाही. पण आजही जगभरातील मुले तिच्या स्मारकाला करकोचे पाठवितात. देणे असे माणसाच्या पुढे चालत राहते.

माय त्यानंतर अडीच वर्षे होत्या. उजवा हात पूर्ववत झाला नाही. चेंडूही त्यांनी पुन्हा फारसा दाबला नाही. पण सणवार जवळ आला की “यंदा कोणाला द्यायचं?” असे त्या आधी विचारीत, आणि त्या प्रश्नासाठी उशी लावून उठून बसत. शेवटच्या दोन वर्षांतील हळदीकुंकवाला त्या माजघरात गेल्या नाहीत. दाराशी खुर्ची टाकून, मांडीवर ताट घेऊन बसल्या.

आपल्या घरातही अशी एखादी खुर्ची असेल, आणि तिच्यात बसलेले कोणी दिवसभर घेतच असेल. येत्या सणापूर्वी त्यांच्यापुढे दहा कोरे चौकोन ठेवून पाहा. काय करायचे ते लगेच सांगू नका. कोणासाठी करायचे, एवढे मात्र आधी ठरवा.