बंबखान्याच्या शेजारी एक वर्ष

आमचे घर आणि नगरपरिषदेचा बंबखाना यांच्यामध्ये केवळ एक भिंत आणि एक कडुलिंबाचे झाड आहे. गावातील इतर मुलांस जो लाल बंब वर्षातून दोन-चार वेळा धावताना दिसतो, तो आम्हां बहीण-भावांस रोज सकाळी उठल्याबरोबर खिडकीतून दिसतो. कोणास वाटेल की हे आमचे मोठेच भाग्य होय. परंतु खरे सांगावयाचे तर गेल्या वर्षापर्यंत आम्हांस त्या बंबाचे कौतुक नव्हते आणि त्यावरील माणसांविषयी आदरही नव्हता. बंब धुवावा, पाण्याच्या नळ्या उन्हात वाळवाव्या, वाळल्या म्हणजे पुन्हा गुंडाळून ठेवाव्या, एवढ्यातच त्यांचा दिवस जातो असे आम्हांस दिसे. आणि "बसून पगार खाणारी माणसे" असे कोणी म्हटले की आम्हीही हसत असू. ते हसू कसे मावळले, तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रारंभ १४ एप्रिलपासून करू. त्या दिवशी सकाळी बंबखान्याच्या अंगणात सर्व जवान स्वच्छ गणवेश घालून ओळीने उभे राहिले व दोन मिनिटे स्तब्ध राहिले. आम्ही भिंतीवरून पाहत होतो. कवायत आटोपल्यावर त्यांच्यातील नायकांना आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, "बाळांनो, १९४४ साली याच तारखेस मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या आगबोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझविण्यास गेलेले लोक काम करीत असतानाच दुपारी चारच्या सुमारास बोटीचा स्फोट झाला. त्यात अग्निशामक दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस पाळतात व तेथून आठवडाभर लोकांस आगीपासून बचाव कसा करावा ते सांगतात." आम्ही मान डोलावली आणि खेळावयास गेलो. ऐकलेली गोष्ट कानात राहिली. मनात उतरावयास मात्र वेळ लागला.

मे महिन्यात बंबखान्याची घंटा वारंवार वाजू लागली. वाळलेले गवत, शेताचे बांध, गावाबाहेरील कचऱ्याचा उकिरडा, यांपैकी काही ना काही रोज पेटे. बंबाच्या टाकीत ४,५०० लिटर पाणी मावते. हा आकडा ऐकून आम्हांस समुद्र वाटला होता. परंतु दोन नळ्या पूर्ण जोराने सोडल्या तर ते पाणी थोड्याच मिनिटांत संपते, असे चालककाकांनी सांगितले. म्हणून पाणी कोठे मारावयाचे हे आधी ठरवावे लागते. उंच ज्वाळेवर मारलेले पाणी फुकट जाते. जे जळत आहे त्याच्या बुडाशी ते पोहोचले पाहिजे. पाण्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते, आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा व्यापून हवेला बाजूस सारते. पाठ्यपुस्तकातील हा धडा आम्ही घोकला होता. तो कोणाच्या उपयोगी पडतो हे तेव्हा कळले.

पावसाळ्यात आग थांबली, पण घंटा थांबली नाही. रस्त्यावर आडवी पडलेली झाडे, ओढ्याच्या पाण्यात वेढलेली घरे, विहिरीत पडलेली एक गाय, अशा कामांस हीच माणसे दोर आणि करवती घेऊन निघत. गाय वर काढण्यास सारी दुपार गेली. गणेशविसर्जनाच्या रात्री ती तळ्याच्या काठी उजाडेपर्यंत उभी होती. त्या रात्री कोणी बुडाले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांची कोणी आठवणही काढली नाही.

आता जे सांगावयाचे ते सांगताना लेखणी अडखळते. दिवाळीसाठी आम्ही अंगणात किल्ला केला होता. तो दरवर्षीपेक्षा मोठा व्हावा या हौसेने आम्ही वडिलांच्या मागे लागलो व त्यांची मोटार अंगणातून काढून शेजारच्या गल्लीच्या तोंडाशी उभी करविली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आईवडील पूजेसाठी पेठेतील दुकानात गेले होते, आणि मोटारीची किल्ली वडिलांच्या खिशात होती. इतक्यात गल्लीच्या पार टोकास एका कौलारू घराच्या मागील पडवीत कोणाचा तरी बाण जाऊन पडला. पडवीत कडबा रचलेला होता. त्या घरात एक वृद्ध आजी एकट्याच राहतात.

घंटा वाजली आणि एका मिनिटाच्या आत बंब बाहेर पडला. वळून तो गल्लीच्या तोंडाशी आला, आणि आमच्या मोटारीपुढे थांबला. तो भोंगा आमच्या कानांत अजून आहे. आम्ही धावलो, मोटार ढकलू पाहिली. ती जागची हलेना. जवानांनी आम्हांस एक शब्दही न बोलता नळ्या खांद्यावर घेतल्या. १५ मीटरची एक, अशा दहा नळ्या एकमेकींस जोडीत ते गल्लीतून धावले. दोघे आधीच आत शिरून आजींना उचलून बाहेर घेऊन आले होते. पाणी पोहोचले तोवर पडवी गेली होती आणि आगीने मागील खोली धरली होती. पुढचे घर वाचले. मागच्या खोलीत आजींच्या लेकीने दिलेल्या लुगड्यांची पेटी होती. ती राहिली नाही.

बंबखाना गल्लीच्या इतका जवळ, की मोटार आड नसती तर बंब क्षणात दारी उभा राहिला असता. किल्ल्याच्या बुरुजावर पणत्या तेवत होत्या. आम्ही त्या विझविल्या.

रात्री वडिलांना सर्व कळले. ते रागावले नाहीत. "चूक माझी आहे, मोठा मी होतो" एवढेच म्हणाले. त्यामुळे आम्हांस अधिकच वाईट वाटले. सकाळी आम्ही तिघेही बंबखान्यात गेलो. नायक नळ्या धूत होते. आम्ही कसेबसे क्षमा मागितली. ते म्हणाले, "बाळांनो, काल मोटार तुमची होती, उद्या दुसऱ्याची असेल. आम्ही धावू तितके धावू. पण वाट मोकळी ठेवणे गावाच्या हाती आहे." तेथून आम्ही आजींकडे गेलो. त्या पुढच्या ओटीवर बसल्या होत्या. आम्ही रडू लागलो तेव्हा त्यांनी आम्हांस जवळ घेतले व विचारले, "तुमचा किल्ला नीट आहे ना रे?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आजही देता आलेले नाही.

त्यानंतर आम्ही बंबखान्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. ओली नळी तशीच ठेवली तर कुजते व ऐन वेळी फुटते, म्हणून ती वाळवितात. रिकामी टाकी घेऊन परत आलेला बंब आधी भरतात व मगच माणसे चहा घेतात. ज्यास आम्ही आळस म्हणत होतो ती सारी पुढच्या घंटेची तयारी होती. जानेवारीत ते आमच्या शाळेत आले. महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याप्रमाणे इमारतीतील अग्निरोधक साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला मालकाने दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावयाचा असतो, हे त्यांनी सांगितले. कढईतील तेल पेटले तर त्यावर पाणी ओतू नये, चूल बंद करून कढईवर झाकण सारावे. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्या, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, हेही त्यांनी करून दाखविले. १०१ या क्रमांकावर गंमत म्हणून खोटी वर्दी देणारी मुले असतात, हे सांगताना मात्र त्यांचा चेहरा कठोर झाला. बंब खोट्या जागी गेला म्हणजे खऱ्या जागी तो नसतो.

या वर्षी १४ एप्रिलला आम्ही भिंतीवरून पाहिले नाही. फाटकातून आत जाऊन ओळीच्या शेवटी उभे राहिलो. वडील व आजीही आल्या होत्या. दोन मिनिटे कोणी बोलले नाही. आता आमची मोटार अंगणातच असते, आणि येत्या दिवाळीचा किल्ला गच्चीवर होणार आहे. तो लहान होईल. आजींनी त्यासाठी माती चाळून देण्याचे कबूल केले आहे. वाचकांस आमची एवढीच विनंती आहे की, आज संध्याकाळी घरी जाताना आपापल्या गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबून पाहावे: येथून बंब आत जाईल काय?